दुखण्याला नाव ठेवताना

"दहापैकी किती दुखतंय?" हा प्रश्न तपासणीच्या खोलीत आता सर्रास विचारला जातो. शून्य म्हणजे दुखणे मुळीच नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे दुखणे, असा त्यातला संकेत. आमच्या पत्नीला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा तिने उलट विचारले, "कशातले दहा?" डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी पुन्हा समजावून सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चार लिहा."

परतीच्या एस.टी.त आम्ही तिला विचारले, चारच का? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तीन म्हटलं तर हसून सोडून देतील. पाच म्हटलं तर आणखी तपासण्या लावतील. चार बरे."

आम्ही तीस वर्षे मराठी शिकवली. त्यातली बरीचशी वर्षे 'वेदना' हा शब्द फळ्यावर लिहिण्यात गेली. दलित साहित्याचा विचार करताना वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रिपदी आम्ही इतक्या वेळा सांगितली असेल की आमचे विद्यार्थी ती झोपेतही म्हणू शकतील. संतकाव्यातली व्याकुळता, नवकवितेतले दुःख, ग्रामीण कथेतली होरपळ यांवर प्रश्नपत्रिका काढल्या आणि उत्तरपत्रिका तपासल्या. आणि आमच्याच घरात, करमाळ्याच्या जुन्या गावभागातल्या तीन खोल्यांत, एक माणूस दहापैकी चार एवढे दुखणे घेऊन रोज सकाळी उठत होते, त्याची भाषा आम्हांला येत नव्हती. हा लेख त्या अडाणीपणाबद्दल आहे. तो पत्नीने वाचला आहे आणि त्यातली दोन वाक्ये तिने काढायला लावली आहेत. उरलेल्यांना तिची संमती आहे.

२०१८ साली तिच्या उजव्या स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमोथेरपी, मग किरणोपचार, मग रोज एक गोळी. दीड वर्षाने सांगण्यात आले की आता काळजीचे कारण नाही. गावात पेढे वाटावेत की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली, पण वाटले नाहीत. लोक भेटायला येत आणि म्हणत, "झाल्या की बऱ्या!" ती "हो" म्हणे. हात दुखायचा थांबला नव्हता, हे सांगायला त्या संवादात जागाच नसे. जिवावरचे संकट टळलेल्या माणसाने हात दुखतो म्हणून तक्रार करणे आपल्याकडे काहीसे कृतघ्नपणाचे समजले जाते.

हे दुखणे कुठून येते ते आम्हांला फार उशिरा, आणि तेही वाचूनच कळले. काखेतून दंडाच्या आतल्या अंगाला जाणारी एक बारीक नस असते. गाठी काढताना ती ताणली जाते, पुष्कळदा तुटते. मग दंडाचा तो पट्टा बधिर तरी होतो किंवा भाजल्यासारखा होतो, आणि कित्येकदा एकाच वेळी दोन्ही होतो. किरणोपचाराने छातीवरची कातडी आणि खालचे स्नायू आखडतात. लसिकेचा निचरा नीट होत नाही म्हणून हाताला सूज येते. काही औषधांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि त्या महिनोन्महिने जात नाहीत. रोजच्या त्या गोळीने सांधे धरतात. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून अधिक स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी प्रश्न विचारले गेले, तेव्हा त्यांतल्या ४७ टक्के स्त्रियांनी अजून दुखत असल्याचे सांगितले होते. तो निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जवळपास निम्म्या. आम्ही हा आकडा पत्नीला सांगितला तेव्हा तिचा पहिला उद्गार होता, "मग मला कुणी सांगितलं का नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या जवळच्या बार्शी तालुक्यात कर्करोगाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे काम झाले आहे, आणि साहित्याच्या लोकांना ते सहसा ठाऊक नसते. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावी फिरून माणसे कर्करोगाची नोंद करीत. त्या काळी या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळे. आज देशपातळीवर स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. आमचा तालुका त्या मूळ नोंदणीत नव्हता, परांड्यापाशी तिची हद्द संपत असे. पण आम्हांला अलीकडे राहून राहून वाटते ते वेगळेच. नोंदणीत रोग येतो, वय येते, गाव येते, मृत्यू येतो. रोग संपून जी माणसे उरतात त्यांचे दुखणे कुठल्या वहीत जाते?

आमच्या घरी ते बरेच दिवस कुठल्याच वहीत गेले नाही. आम्ही आमच्या परीने उपाय केले, म्हणजे साहित्याच्या माणसाला सुचतात ते. रात्री तिला झोप लागत नसे तेव्हा ज्ञानेश्वरी काढून बसलो. सहाव्या अध्यायात ध्यानाचे इतके तपशीलवार वर्णन आहे, त्याचा उपयोग होईल अशी आमची समजूत. तिने दोन रात्री ऐकले. तिसऱ्या रात्री म्हणाली, "अहो, तुम्हांला वाचायला छान वाटतंय. मला हात कुठं ठेवू ते कळत नाही." उशी दंडाखाली घ्यायची की कोपराखाली, हा तिचा प्रश्न होता. आम्ही ग्रंथ मिटला आणि उशी शोधायला गेलो, हे आमच्या अध्यापनजीवनातले एक बरे काम म्हणता येईल.

मग पुण्याहून लेकीने फोनवर एक ध्वनिफीत पाठवली. 'माइंडफुलनेस' हा शब्द तेव्हा घरात पहिल्यांदा आला. लेकीच्या कार्यालयात त्याची शिबिरे होतात. ध्वनिफीत मराठीत होती, म्हणजे मराठी शब्दांत होती. मंद संगीतावर एक बाई सांगत होत्या की आता आपले लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या, तिथे जे काही आहे त्याचे निरीक्षण करा, कोणताही निवाडा न करता. निवाडा हा शब्द ऐकून पत्नीला हसू आले. माहेरच्या जमिनीचा दावा करमाळ्याच्या कोर्टात अकरा वर्षे चालला होता, त्यामुळे निवाडा म्हणजे काय ते तिला पक्के माहीत आहे, आणि अंगठ्याबद्दल तो कसा करतात हे तिला समजेना. तरी ती ऐकत राहिली. पाय झाले, गुडघे झाले, पोट झाले. मग त्या बाई म्हणाल्या, आता छातीकडे लक्ष न्या, दोन्ही बाजूंना श्वास सारखाच भरतो आहे का ते पाहा.

तिने कानातली वायर काढली आणि फोन पालथा ठेवला. आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. काय झाले विचारले, तर म्हणाली, "त्यांना माहीत नाही." पुढचा महिनाभर तिने त्या फोनला त्या कामासाठी हात लावला नाही.

या प्रकरणातला उपरोध आम्हांला नंतर उमगला. जी गोष्ट अमेरिकेहून पुण्याच्या कार्यालयात आणि तिथून करमाळ्यात आली होती, ती मुळात इकडचीच होती. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात, ज्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. १९८२ साली त्यांनी अशा ५१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शरीरावरून पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवत न्यायचे, ही त्या वर्गातली मुख्य कृती ब्रह्मदेशातल्या सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आलेली. त्याच परंपरेचे सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि १९७६ साली आपल्या इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. म्हणजे एकाच झऱ्याचे एक पाणी पश्चिमेला गेले आणि एक कसारा घाटाच्या माथ्यावर आले. घाटमाथ्यावरचे पाणी करमाळ्यापर्यंत पोचले नाही. अमेरिकेचे पोचले, ते मात्र अनुवादित होऊन.

गोयंकांची स्वतःची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. ते मंडालेत जन्मलेले, रंगूनमधले बडे व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता आणि त्यावर मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. सुईचे व्यसन लागेल या भीतीने ते पंचावन्न सालाच्या सुमारास ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. डोकेदुखी घालवायची म्हणून येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना सांगितले. दुखणे घालवण्यासाठी ही साधना घ्याल तर तिची किंमत कमी कराल, असा त्यांचा विचार. हिशेब तपासणाऱ्या माणसाचे हे उत्तर आम्हांला फार आवडले, आणि त्याच वेळी थोडा रागही आला. ज्याचे दुखते त्याने दुखणे जावे अशी इच्छा करायची नाही तर काय करायचे?

दुखणे जात नाही, पण थोडे उतरते, याला बऱ्यापैकी पुरावा आता आहे. २०१६ साली डेन्मार्कमध्येच स्तनाच्या कर्करोगानंतर दुखणे उरलेल्या १२९ स्त्रियांची चाचणी झाली. निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाधारित अभ्यासक्रम दिला, निम्म्यांना थांबायला सांगितले. पहिल्या गटातल्या स्त्रियांचे दुखण्याचे प्रमाण कमी झाले आणि शिबिर संपून सहा महिने झाल्यावरही ते टिकले. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही त्या कमी घेऊ लागल्या. मनावरच्या ताणात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे आम्हांला विशेष वाटले. ध्यानाने मन शांत होते आणि म्हणून दुखणे कमी होते, असा सोपा हिशेब आपण मांडतो. इथे मन होते तसेच राहिले आणि हात कमी दुखू लागला.

पण एक शंका आम्हांला बरेच दिवस सोडत नव्हती, आणि ती समीक्षकाची शंका आहे. 'जे आहे ते स्वीकारा' असे दुखणाऱ्या बाईला सांगणे हे आपल्या मुलखात नवे नाही. आमच्या आईला तेच सांगितले गेले, तिच्या आईलाही. त्याला 'सोसणे' असे नाव होते. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे, ज्वारीच्या काढणीत वाकलेली पाठ, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी चूल, या सगळ्यात सोसणे हा गुण समजला गेला. तेच आता मंद संगीतावर, इंग्रजी नावाने आणि संशोधनाचा शिक्का घेऊन परत आले असेल तर त्याला विरोध करायला नको का? वेदनेनंतर विद्रोह येतो असे आम्ही शिकवले. वेदनेनंतर निरीक्षण येते असे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

या शंकेचे उत्तर पत्नीने दिले, पण ते वादातून आले नाही. ते एका दोनशे पानी वहीतून आले.

झाले असे की, हाताचे व्यायाम लिहून ठेवायला तिने एक वही घातली होती. एका दुपारी ती ओट्याशी भाकरी थापत होती. उजवा हात परातीत गोल फिरत असतो, आणि फिरता फिरता एका ठिकाणी तो थबकतो, हे आम्ही रोज पाहत होतो. त्या दिवशी विचारले, "दुखतंय का?" ती म्हणाली, "दुखत नाही. सणक आली." आम्ही सहज विचारले, फरक काय? तिने पिठाचा हात तसाच ठेवून सांगितले की सणक काखेतून निघते, कोपरापर्यंत जाते आणि विझते. ती आली की हात थांबवायचा, मोडायचा नाही, ती जाऊ द्यायची. दुखते ते वेगळे, ते खांद्यात असते आणि संध्याकाळी असते. मग पुढची भाकरी घेत म्हणाली, "दुखतंय म्हटलं की सगळा हातच दुखायला लागतो. सणक म्हटलं की तेवढीच सणक येते, आणि जाते."

भाकरी थापणे हेच आपल्या बायकांचे ध्यान, असे वाक्य इथे लिहिण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो, कारण तिने काढायला लावलेल्या दोन वाक्यांपैकी ते एक आहे. ("थापून बघा म्हणजे कळेल," असा शेरा होता.)

त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर शब्द येऊ लागले. ती सांगे, आम्ही लिहीत असू. पुढे तीच लिहू लागली. सणक आणि चमक यांत फरक आहे. चमक एका जागी उठते, तिला रेघ नसते. कळ लाटेसारखी येते, वाढते, थोडा वेळ टिकते आणि ओसरते. ठणक्याला ठेका असतो आणि तो रात्री जास्त. ठसठस ही ठणक्याची धाकटी बहीण. रग कामाने येते आणि झोपेने जाते, तिच्याबद्दल तक्रार नाही. ओढ व्रणाच्या कडेला असते, शिवण आवळून आल्यासारखी, आणि हात वर नेला की तिचा दोरा नेमका कुठे बांधलेला आहे ते कळते. चुणचुण कातडीवर, हुळहुळ कातडीच्या जरा खाली. हुळहुळत असले की पोलक्याचे कापडही नको होते. भगभग दंडाच्या आतल्या बाजूला, आणि त्याच जागी बधिरपणाही. जिथे भगभगते तिथेच बोट लावले तर लागत नाही, हे तिला बरेच दिवस खोटे वाटत असे. मुंग्या पायाच्या बोटांत. जडपणा मनगटात, बांगडी रुतली की समजतो. आणि एक नोंद तिने फार उशिरा, आम्ही घरात नसताना केली होती: जो भाग काढला आहे तिथे कधी कधी खाज येते. खाजवायला तिथे काही नसते. डॉक्टरांना सांगितले तर त्यांनी मान डोलावली आणि असे पुष्कळजणींना होते म्हणाले. तिला त्या 'पुष्कळजणी' या शब्दानेच बरे वाटले.

वर्षभरात वहीत एकतीस शब्द झाले. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली तयार केली, जगभरची रुग्णालये ती वापरतात. तीत वीस गटांत ७८ इंग्रजी शब्द आहेत. एका गृहिणीने एकाच हातासाठी एकतीस जमवले, हे काही कमी नाही असे आम्ही तिला म्हणालो. ती म्हणाली, "शब्द मी कुठे जमवले? ते होतेच."

इथे आमच्यातला मराठीचा शिक्षक जागा झाला, त्याला वाचकांनी क्षमा करावी. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या आपल्या निबंधात तक्रार केली होती की प्रेमात पडलेल्या मुलीसाठी इंग्रजीत मोठमोठ्या कवींचे शब्द आहेत, पण साधी डोकेदुखी डॉक्टरला सांगायची तर भाषा आटते. इलेन स्कॅरी यांनी १९८५ च्या ग्रंथात पुढे जाऊन असे म्हटले की शारीरिक वेदना भाषेला नुसता विरोध करीत नाही, ती भाषा मोडून टाकते. आणि माणूस बोलायला लागला की त्याला शस्त्रांची भाषा वापरावी लागते, म्हणजे भोसकल्यासारखे, कापल्यासारखे. हा सिद्धांत आम्ही एम.ए.च्या वर्गात आदराने सांगितला आहे. पण वहीतले शब्द पुन्हा वाचताना लक्षात आले की त्यांत शस्त्रे फारशी नाहीतच. ठणका, ठसठस, चुणचुण, हुळहुळ, भगभग, सणक, हे सगळे अनुकरणवाचक शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात ते शेवटच्या कोपऱ्यात येतात, परीक्षेत दोन गुणांना. ते दुखण्याला दुसऱ्या कशाची उपमा देत नाहीत, दुखण्याची चाल तेवढी तोंडाने करून दाखवतात. 'सुरी खुपसल्यासारखे' म्हटले की सुरी धरणारा हात येतो, शत्रू येतो, भीती येते. 'ठसठसते' म्हटले की ठसठसण्यापलीकडे कुणी येत नाही. आपल्याकडेही सुया टोचतात, विंचू डसतात, हे खरे आहे. तरीपण पत्नीच्या वहीत तशा नोंदी फार थोड्या, आणि ज्या आहेत त्या पहिल्या काही पानांवर.

सोसणे आणि पाहणे यांतला फरक आम्हांला इथे कळला. सोसण्याला शब्द लागत नाही. उलट शब्द निघाला की सोसण्याचे पुण्य कमी होते. आमच्या आईने आयुष्यभर 'काही नाही' या दोन शब्दांत सगळी दुखणी गुंडाळली. पाहणाऱ्याला मात्र 'काही नाही' म्हणता येत नाही. काय आहे, कुठे आहे, किती वेळ आहे, ते त्याला सांगावे लागते.

'वेदना' या शब्दाकडे मग आम्ही नव्याने पाहिले. त्यातला धातू 'विद्', म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान हे सगळे त्याच घरचे. पालीत वेदना म्हणजे दुखणे नव्हेच. सतिपट्ठान सुत्तात वेदनांकडे पाहायला सांगितले आहे, तेव्हा त्यांत सुखद वेदनाही येते, दुःखद येते आणि दोन्ही नसलेलीही येते. जाणीव एवढाच तिचा अर्थ. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली 'सति'साठी माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द योजला. त्या सतीचे संस्कृत रूप स्मृती. आपण मराठीत आता त्याला सजगता, सचेतनता असे जड शब्द शोधतो. पत्नी त्याला 'भान' म्हणते. "हाताचं भान ठेवते," एवढेच. आम्ही तीस वर्षे वेदना शिकवताना त्या शब्दातले जाणणे वगळून फक्त दुखणे शिकवत होतो, हे लिहिताना थोडी लाज वाटते.

महिनाभरानंतर तिने ती ध्वनिफीत पुन्हा लावली, पण छाती आली की ती पुढे सरकवत असे. नंतर फीत सोडून दिली. कमलाभवानीच्या देवळाच्या आवारात ९६ पायऱ्यांची विहीर आहे. देऊळ रावराजे निंबाळकरांनी १७२७ साली बांधले, आणि तिथे खांबही ९६ असल्याचे सांगतात. पहाटे देवळापर्यंत चालत जायचे, विहिरीच्या काठी पायरीवर बसायचे आणि बोटांपासून खांद्यापर्यंत हात पाहत यायचे, असा क्रम तिने लावून घेतला. पाण्यापर्यंत उतरत नाही, गुडघे धरतात. छातीजवळ आल्यावर काय करतेस, असे आम्ही एकदा विचारले. "तिथं जरा थांबते," एवढेच उत्तर मिळाले. पुढे विचारले नाही.

या सगळ्याची खरी कसोटी गेल्या मार्गशीर्षात लागली. रात्री साडेदहाच्या सुमारास ती म्हणाली, हात भगभगतोय. आम्ही आता या विषयातले जाणकार झालो होतो. शांतपणे म्हणालो, "पाहत राहा थोडा वेळ. येईल तशी जाईल." आमच्या आवाजात त्या ध्वनिफितीतल्या बाईंचा मंदपणा आला होता, असे ती पुढे म्हणाली. तिने दिवा लावला, बाही वर केली आणि सांगितले, "ही ती नाही. नेहमीची भगभग आतून असते आणि हात गार असतो. ही वरून आहे आणि हात तापलाय." दंड लाल झाला होता. चार दिवसांपूर्वी परसातल्या लिंबोणीचा काटा मनगटाला लागला होता, ते तेव्हा आठवले. मग थंडी वाजू लागली.

शेजाऱ्यांची जीप काढून तिला दवाखान्यात नेले. सुजलेल्या हातात लसिकेचा निचरा होत नाही, त्यामुळे लहानशा जखमेतूनही जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो, हे डॉक्टरांनी सांगितले. शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली, तीन दिवस राहावे लागले. "लवकर आणलंत," असे ते आम्हांला म्हणाले. आम्ही आणले नव्हते. आम्ही पाहत बसायला सांगत होतो.

त्या रात्रीनंतर ध्यानाबद्दल कुणी उत्साहाने बोलू लागले की आम्ही काट्याची गोष्ट सांगतो. नवे दुखणे, वाढती सूज, लाली, ताप यांकडे पाहत बसायचे नसते, दवाखाना गाठायचा असतो. आणि तरीही, नवे दुखणे नवे आहे हे तिला कळले ते जुने इतके नीट पाहिले होते म्हणूनच. एकतीस शब्दांत जे बसत नव्हते ते तिने पाच मिनिटांत ओळखले. आम्हांला ते सगळे एकच वाटत होते, कारण आमच्याकडे त्यासाठी एकच शब्द होता, आणि तोही फळ्यावरचा.

मध्यंतरी कंदरकडची एक ओळखीची बाई तिला भेटायला आली होती. हिच्यासारखीच शस्त्रक्रिया झालेली. केळीच्या बागेत कामाला जाणारी, आता हात चालत नाही म्हणून घरी बसलेली. आम्ही आत चहा ठेवत होतो. बाहेर दोघींचे बोलणे चालले होते ते एखाद्या शब्दकोशाच्या संपादक मंडळाची बैठक असावी तसे. ती बाई म्हणत होती की तिच्या गावी याला सणक म्हणत नाहीत, तिडीक म्हणतात. पत्नीचे म्हणणे, तिडीक डोक्यात. दोघी बराच वेळ भांडल्या. जाताना त्या बाईने वहीतली दोन पाने उतरवून घेतली. तिच्याकडे ध्वनिफीत ऐकायचा फोन नव्हता, डेन्मार्कची चाचणी तिला सांगण्यात अर्थ नव्हता, आणि कामावर परत जाता येईल का हा तिचा खरा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सोडवता आला नाही. तिडीक मात्र बत्तिसावा शब्द म्हणून वहीत गेली, कंसात 'कंदर' असे लिहून.

परवा तपासणीला पुन्हा तोच प्रश्न झाला. डॉक्टर नवे होते. पत्नीने सांगितले की खांद्यात रग आहे, दंडात भगभग आहे पण कमी, सणक पंधरा दिवसांत दोनदाच आली. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, आणि संगणकाकडे वळून विचारले, "म्हणजे किती लिहू?" ती म्हणाली, "तुम्हीच बघा, साहेब." त्यांनी तीन लिहिले.

आज सकाळी आम्ही उठलो तेव्हा ती देवळातून येऊन ओट्याशी उभी होती. रोजच्याप्रमाणे विचारले, आज काय आहे? ती थोडा वेळ थांबली, मनगट फिरवून पाहिले, म्हणाली, "आज नुसता हात आहे." मग पोह्यांसाठी कांदा चिरून मागितला.